घड्याळ चालू ठेवा

चूक आपलीच आहे हे पटवून द्यायला कुणी जिवाचं रान केल्याचं फारसं ऐकिवात नसतं. माणसं चूक झाकायला धडपडतात, दुसऱ्याच्या गळ्यात मारायला धडपडतात. पडदेवालीचं मात्र सगळं उलटं होऊन बसलं होतं. गुरुवारी अकरा वाजता चौकशी होती, आणि तोवर तिला एवढंच सिद्ध करायचं होतं की कालव्यावर जे झालं ते तिच्या स्क्रीनमुळे झालं, बाबांमुळे नाही. सोमवार उजाडला तेव्हा पुरावा म्हणून तिच्या हातात काही म्हणता काही नव्हतं.

पडदेवाली हे नाव ऑफिसने ठेवलेलं. कालव्याच्या ऑफिसात जेवढ्या स्क्रीन होत्या तेवढ्या तिनेच बनवलेल्या, म्हणून ती पडदेवाली. नावात थोडी चेष्टा होती आणि थोडं कौतुक, आणि दोन्ही तिने मुकाट्याने घेतलेलं. बाबा त्याच कालव्यावर चौतीस वर्षं कामाला. त्यांना सगळे पाणमास्तर म्हणत, आणि त्यात मात्र चेष्टा अजिबात नव्हती.

कालव्याच्या खालच्या टोकाला एक लोखंडी जाळी आहे. वरून वाहत येणारा सगळा कचरा तिथे अडकतो. फांद्या, पिशव्या, चपला, एकदा तर चार खुर्च्या आल्या होत्या. आठवड्यातून दोनदा वरचा दरवाजा बंद करायचा, कालवा कोरडा झाला की माणसाने खाली उतरायचं आणि जाळी मोकळी करायची. उतरायचं कधी आणि वर यायचं कधी, हे पाणमास्तर सांगणार. चौतीस वर्षांत त्यांनी "उतर" म्हटलं आणि मागून पाणी आलं असं एकदाही झालं नव्हतं. कालव्यावरची माणसं एकमेकांवर फारसा विश्वास ठेवणारी नव्हेत, साधी विडी उसनी देतानाही दहा प्रश्न विचारतील. पण पाणमास्तर बोलले की विषय संपला. बाबांनी आयुष्यात कमावलं ते एवढंच, आणि निवृत्तीला सात महिने उरलेले असताना तेच आता पणाला लागलं होतं. समितीच्या कच्च्या अहवालात एक वाक्य आधीच टाइप होऊन बसलं होतं: संबंधित कर्मचाऱ्याने निष्काळजीपणा केला.

आता ती स्क्रीन काय भानगड होती ते सांगायला हवं.

कालव्यावर सात ठिकाणी पाणी मोजणारी यंत्रं आहेत. ती आकडे पाठवतात, ऑफिसातला मोठा संगणक त्यावरून गणित मांडतो की पाणी आत्ता कुठवर पोचलं असेल आणि पुढे कुठे कधी पोचेल. ऑफिसात याला सिम्युलेशन म्हणत. कालव्यावरचे लोक त्याला खोटं पाणी म्हणत. "खोटं पाणी कुठवर आलं रे?" असं विचारायचे, आणि मग खरं पाणी त्याच वेळेला तिथे आलं की एकमेकांकडे बघून हसायचे. हे खोटं पाणी पडदेवालीच्या स्क्रीनवर निळ्या पट्टीसारखं सरकत जायचं. दरवाजे उघडे असले तर हिरवे, बंद असले तर काळे. वर कोपऱ्यात घड्याळ. जाळीवरच्या माणसांना एक टॅब दिलेला, त्यावर हे सगळं दिसायचं.

पहिल्यांदा तिने ते अगदी साधं केलं होतं. दर पाच सेकंदांनी टॅब ऑफिसला विचारणार, पाणी कुठे आहे? उत्तर आलं की चित्र बदलणार आणि चित्राबरोबरच घड्याळ पुढे सरकणार. उत्तर नाही आलं तर दोन्ही जागच्या जागी. एकच टायमर, एकच हालचाल. शिवाय तिने एक खबरदारी घेतली होती. स्क्रीनवर मिनिटभर काहीच बदललं नाही, तर सगळं चित्र फिकट पडावं, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की हे शिळं आहे.

मग तक्रार आली. गेल्या वर्षीची गोष्ट. विभागप्रमुखांनी तिच्या टेबलावर एक चिठ्ठी आणून ठेवली. वहीचा फाडलेला कागद, खाली नाव नाही. लिहिलं होतं, घड्याळ मधेमधे अडकतं, त्यामुळे यंत्र बंद पडलं असं वाटतं, तरी घड्याळ चालू ठेवावे.

"कालव्यावरच्या लोकांची मागणी आहे," विभागप्रमुख म्हणाले. "छोटंसं काम आहे. दुपारपर्यंत होईल ना?"

दुपारच्या आत झालं. तिने घड्याळाला स्वतःचा वेगळा टायमर दिला. पाण्याचं उत्तर येवो न येवो, घड्याळ दर सेकंदाला पुढे. बघायला छान वाटत होतं. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. कारण स्क्रीनवर काही बदललं का हे बघणारी जी खबरदारी होती, तिला घड्याळाचा सेकंद हलला तरी बदलच वाटायचा. पाणी तासभर जुनं असेना का, सेकंद हलतोय ना, मग सगळं ताजं. चित्र फिकट पडायचंच बंद झालं. दोन टायमर एकमेकांच्या पायात आले, आणि वर्षभर ते कुणाला कळलं नाही, कारण सिग्नल पूर्ण गेला की लाल पट्टी यायची आणि सिग्नल चांगला असला की सगळं बरोबरच असायचं. घोळ व्हायचा तो फक्त सिग्नल धड जिवंतही नाही आणि धड मेलेलाही नाही अशा वेळी.

ती वेळ मागच्या मंगळवारी आली.

वरचं धरण अचानक भरलं म्हणून तिथल्या माणसाने दहा वाजून पाच मिनिटांनी दरवाजा उघडला. पूर्वी तो आधी जाळीवर फोन करायचा. पण स्क्रीन आल्यापासून फोनची पद्धत बंद झालेली. स्क्रीनवर दिसतंच की, मग फोन कशाला? वरून जाळीपर्यंत पाणी यायला बेचाळीस मिनिटं लागतात. दहा एकेचाळीसला बाबांनी टॅब हातात घेतला. दरवाजा काळा, कालवा कोरडा, घड्याळ टिकटिक चाललेलं. ते चित्र दहा वाजून तीन मिनिटांचं होतं. बाबांना ते कसं कळावं?

"उतर," ते पैलवानाला म्हणाले. "चाळीस मिनिटं तरी कुठे गेली नाहीत."

पैलवान म्हणजे त्यांचा वीस वर्षांचा सोबती, अंगाने काडी, म्हणून पैलवान. तो उतरला. सहा मिनिटांनी पाणी आलं. बाबांनी हातातला टॅब फेकून दिला आणि दोर टाकला. दोर पैलवानाला मिळाला, पण त्याआधी पाण्याने त्याला जाळीवर आपटलं होतं. खुबा मोडला. जीव वाचला, पण डॉक्टर म्हणाले की इथून पुढे काठीशिवाय चालणं विसरा. टॅब गेला तो गेलाच.

पडदेवालीला बातमी कळली तेव्हा ती ऑफिसात होती. बाबा ठीक आहेत एवढं कळल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर खुर्चीत बसून कारण शोधलं. दीड तासात सापडलं. सापडल्याबरोबर तिने ते दुरुस्त करून सगळ्या टॅबवर पाठवून दिलं. फाटे धरून कालव्याला अशा पाच जाळ्या होत्या, त्या प्रत्येकीवर कुणीतरी "उतर" म्हणणार होतं. घड्याळ पुन्हा पाण्याला बांधलं. पाणी थांबलं की घड्याळ थांबणार, चित्र फिकट होणार. कुणाला विचारलं नाही, कुठे लिहून ठेवलं नाही, साक्षीला कुणाला बोलावलं नाही. घरात गॅस सुटल्याचा वास आला की माणूस आधी बटण बंद करतो, फोटो काढत बसत नाही. तिनेही तेच केलं, आणि पुढे तेच तिला नडलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन दिवस तिने त्या जुन्या घोळामागे घातले. जुना प्रोग्राम दुसऱ्या टॅबवर चढवला. टॅब घेऊन जाळीवर गेली, बांधावर तीन तास उन्हात उभी राहिली. सिग्नल उत्तम. पाणी येत होतं, घड्याळ चालत होतं, सगळं कसं शहाण्या मुलासारखं वागत होतं. दुसऱ्या दिवशी परत गेली. परत उत्तम. तिला त्या सिग्नलचा इतका संताप आला की बांधावर बसून रडावंसं वाटलं. एरवी घरी फोन लावायचा म्हटलं तर चार वेळा तुटणार, आणि आता पाहिजे तर गडी छाती काढून उभा.

ऑफिसच्या सर्व्हरवर नोंद होती. टॅबने प्रश्न विचारला, सर्व्हरने उत्तर पाठवलं. पाठवलं एवढीच नोंद. ते टॅबपर्यंत पोचलं की वाटेत लटकलं, हे सर्व्हरला काय ठाऊक? ते फक्त टॅबला ठाऊक होतं, आणि टॅब कालव्याच्या तळाशी कुठेतरी गाळात पडला होता.

शेवटी बुधवारी दुपारी तिने सर्व्हरवर मुद्दाम अडथळा घातला, उत्तरं अर्ध्यात लटकवून ठेवली, आणि तेव्हा कुठे टॅबवर ते चित्र उमटलं. काळा दरवाजा, कोरडा कालवा, आणि वर घड्याळ जणू काही झालंच नाही असं पळतंय. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. बाबांनी हेच बघितलं होतं.

म्हणजे असं होऊ शकतं, एवढं ती दाखवू शकत होती. त्या दिवशी तसंच झालं, हे दाखवायला जगात एकच साक्षीदार उरला होता, बाबा. पैलवानाने स्क्रीन बघितलीच नव्हती. त्याने दवाखान्यातल्या पलंगावरून जबाब दिला होता, तो म्हणाला उतर, मी उतरलो, तो सांगतो तेव्हा मी बघत नसतो.

संध्याकाळी घरी बाबा गॅलरीत बसले होते. चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला. तो चष्मा त्यांच्या गळ्यातून फक्त आंघोळीला उतरायचा, आणि आई म्हणायची की तेवढाही कशाला उतरवता.

"बाबा, उद्या तुम्हाला काय दिसलं ते विचारतील."

"सांगतो की."

"काय सांगाल?"

"कालवा कोरडा होता. दरवाजा काळा. घड्याळात दहा एकेचाळीस." ते शाळेतल्या पोरासारखे घडाघडा बोलले. "झालं?"

"बस, एवढंच सांगा. बाकीचं मी बघते."

"मग तुला काय करतील?"

"मला काय करायचंय? ओरडतील फार तर."

ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून पाणी कमरेएवढं आहे की गळ्याएवढं हे कळतं, त्याच्यासमोर असलं बोलून काय उपयोग? त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "ओरडतील म्हणजे काढतील?"

"ते बघू नंतर. तुम्ही फक्त खरं बोला."

"बरं," बाबा म्हणाले. आतून आईने जेवायला हाक मारली आणि दोघं उठले. त्या रात्री पडदेवालीला आठवड्यात पहिल्यांदा झोप लागली.

चौकशीची खोली म्हणजे एरवी वाढदिवसाचा केक कापायची खोली. भिंतीवर अजून एक फुगा चिकटलेला होता, त्यातली हवा केव्हाच गेलेली. समितीत तिघं होते. अध्यक्ष, एक बाई ज्या सगळं लिहून घेत होत्या, आणि एक गृहस्थ जे अधूनमधून पाणी पीत होते. बाबा कडेच्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून.

पडदेवालीने सगळं समजावून सांगितलं. दोन टायमर, एक घड्याळाचा, एक पाण्याचा. अडवलेला सर्व्हर चालू करून टॅबवर ते खोटं चित्र दाखवलं. सांगणं स्वच्छ होतं. अध्यक्षांनी लक्ष देऊन ऐकलं आणि टॅब हातात घेतला.

"म्हणजे सिग्नल गेला की असं होतं?"

"गेला की नाही साहेब. अर्धवट असला की."

अध्यक्षांनी टॅबचा सिग्नल बंद करून बघितला. तीन सेकंदांत लाल पट्टी आली, संपर्क तुटला आहे. ती पट्टी त्यांनी बाजूच्या बाईंना दाखवली. "हे तर व्यवस्थित सांगतंय."

"पूर्ण तुटला तर सांगतं. तो अर्धवट..."

"आणि तुम्ही दाखवलंत ते?"

"ते मी सर्व्हरवर अडथळा घालून केलं."

"म्हणजे तुम्ही अडवलं म्हणून अडकलं."

"तसंच त्या दिवशी सिग्नलने केलं असणार."

"असणार," अध्यक्ष म्हणाले. बाईंनी तेवढा एक शब्द लिहून घेतला. "आणि अपघातानंतर दोन तासांच्या आत तुम्ही प्रोग्राम बदललात. कुणाची परवानगी?"

"कुणाची नाही. बाकीच्या जाळ्यांवर माणसं होती."

पाणी पिणाऱ्या गृहस्थांनी ग्लास खाली ठेवला. "पाणमास्तर तुमचे कोण?"

हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. "वडील," ती म्हणाली. खोलीतली हवा बदलली ते तिला कळलं. दहा मिनिटं ती एक तंत्रज्ञ होती, आता ती एक लेक झाली. तिचं एकूण एक वाक्य त्यांनी मनातल्या मनात परत वाचून काढलं असणार, आणि या वेळी त्याचा अर्थ वेगळाच लागला असणार.

"ठीक आहे," अध्यक्ष मायेने म्हणाले, आणि ती माया तिला फार लागली. "वडिलांनाच विचारू. पाणमास्तर, स्क्रीनवर काय दिसत होतं?"

बाबा उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"दरवाजा उघडा दिसत होता साहेब. हिरवा. पाणी निघालेलं होतं."

पडदेवालीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"मग माणसाला उतरवलंत कसं?"

"वेळ मोजायला चुकलो. मला वाटलं आत्ताच निघालंय. चष्मा नव्हता जवळ, घरी राहिला होता. आणि नियमाप्रमाणे वरच्या वळणापर्यंत चालत जाऊन डोळ्यांनी बघून यायचं असतं, तेही केलं नाही. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर जात नव्हतो. स्क्रीनचा काही दोष नाही."

चष्मा त्या क्षणीही त्यांच्या गळ्यात लटकत होता.

"खोटं बोलतायत ते," ती उठून म्हणाली. "साहेब, काल घरी त्यांनी मला सांगितलं, दरवाजा काळा होता. बाबा, सांगा ना. चष्मा कधी राहतो तुमचा घरी? आईला विचारा, कुणालाही विचारा."

बाबा समोरच्या भिंतीवरच्या फुग्याकडे बघत राहिले.

"तुम्ही बसा," अध्यक्ष म्हणाले. "वडिलांसाठी जीव तुटतो, हे आम्ही समजू शकतो. पण कुठला माणूस उगाच स्वतःच्या विरुद्ध साक्ष देईल?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं आणि ते कुणी घेणार नव्हतं. मुलगी बापासाठी खोटं बोलते हे तिघांनाही लगेच पटलं. बाप मुलीसाठी खोटं बोलतो हे तिघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाईंनी जबाब वाचून दाखवला. बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवून सही केली, आणि तेव्हाही कुणाला काही खटकलं नाही.

बसथांब्यावर बाक रिकामं होतं. ती त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवून आली होती, पण बसल्याबसल्याच तोंडातून निघालं, "का केलंत?"

"तुला वीस वर्षं नोकरी करायचीय. मला सात महिने."

"मला नकोय असली नोकरी. तुमचं नाव गेलं, बाबा. चौतीस वर्षांचं. आणि चूक माझी होती. मी घड्याळ वेगळं केलं."

"सांगितलं म्हणून केलंस."

"कुणीही काहीही सांगेल. चिठ्ठी आली म्हणून मी विचार न करता..."

"ती चिठ्ठी माझी होती," बाबा म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळली.

"मीच दिली. घड्याळ थांबलं की ही माणसं म्हणायची, हे बघ, पाणमास्तरच्या पोरीचं यंत्र मेलं. रोज कुणीतरी म्हणायचं, हसायचं. मला ते ऐकवत नव्हतं." त्यांनी चष्मा पुसला, परत गळ्यात सोडला. "तुला घरी सांगितलं असतं तर बाप म्हणतोय म्हणून तू केलं असतंस. म्हटलं, रीतसर जाऊ दे. नाव न घालता दिली. पैलवानाच्या वहीतलं पान होतं."

बस आली, दार उघडलं, आणि दोघंही उठली नाहीत म्हणून निघून गेली. पडदेवालीला काहीतरी बोलायचं होतं. तुम्हाला काय माहीत आत काय होणार ते, चिठ्ठी लिहिणं म्हणजे चूक नव्हे, चूक करणारीची, असं बरंच काही. पण त्यातलं एकही वाक्य त्यांच्या कामाचं नव्हतं. तिला आपला गुन्हा द्यायचा होता आणि त्यांना आपला, आणि समितीने त्यांचा घेतला होता.

"पैलवानाला सांगितलंत?" तिने शेवटी विचारलं.

"त्याने कागद फाडून दिला तेव्हा तो हसत होता," बाबा म्हणाले. "त्याला काय सांगू?"

अहवाल पंधरा दिवसांत आला. ते वाक्य जसंच्या तसं होतं. बाबांना जाळीवरून काढून सामानाच्या कोठीत बसवलं. तिथे नट, बोल्ट, दोर आणि जुने पंप असतात, आणि पाणी फक्त माठात. जाळीवर दोन नवी माणसं आली. बाबा घरी पूर्वीसारखेच वागायचे, फक्त कालव्याचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवायचे.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी विभागप्रमुख तिच्या टेबलाशी आले. हातात वहीचा फाडलेला कागद. त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला. अक्षर वेगळं होतं, शाई वेगळी होती. लिहिलं होतं, घड्याळ सारखं अडकतंय आणि चित्र फिकं पडतंय, काम करताना डोक्याला ताप होतो, तरी घड्याळ चालू ठेवावे.

"पाचही जाळ्यांवरून तक्रार आहे," ते म्हणाले. "तुम्ही तो बदल केल्यापासून."

"साहेब, घड्याळ थांबतं म्हणजे पाण्याची बातमी थांबलेली असते. ते थांबायलाच हवं. तेव्हा कुणी उतरायचं नाही."

"पण समितीने तर म्हटलंय स्क्रीनचा दोष नाही. आधी चाललं होतं तेच बरं होतं मग." ते रागावलेले नव्हते. त्यांना चहाला जायचं होतं. "नसेल जमत तर सांगा, दुसऱ्या कुणाला देतो. छोटंसं काम आहे."

ते गेल्यावर तिने कोठीत फोन लावला. बाबांनी पहिल्याच घंटेला उचलला, कोठीत दुसरं काम ते काय? तिने चिठ्ठी वाचून दाखवली.

"किती वेळ थांबतं?" त्यांनी विचारलं.

"कधी दहा सेकंद. कधी मिनिट, दोन मिनिटं."

"थांबू दे. हात लावू नकोस." त्यांचा आवाज एकदम पूर्वीचा झाला, बांधावरून खाली हाक मारायचे तसा. "मी जातो आत्ता जाळीवर. पाचही जाळ्यांवर जातो. बसवून सांगतो एकेकाला. घड्याळ थांबलं की हातातलं टाकून वर यायचं, वळणापर्यंत चालत जायचं, डोळ्यांनी बघायचं. मी सांगितलं म्हणजे..."

ते थांबले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता, ते उठले असावेत. आता परत बसल्याचा आवाज आला.

"ऐकतील का गं माझं?"

समोरच्या स्क्रीनवर कालवा फिकट झालेला होता. घड्याळ दीड मिनिटापासून जागच्या जागी उभं होतं.